वाचकांचे प्रश्न : वेगवान हॅचबॅक आणि पेट्रोलचा ऑक्टेन अंक

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे बरीच आली. जोरदार इंजिनाची छोटी गाडी दारात आली की पंपावर कोणते पेट्रोल मागायचे, हा तो विषय. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण ते उलगडले की पुढची निम्मी उत्तरे वाचकांना स्वतःलाच देता येतील.

प्रश्न : मी नुकतीच दोन लिटर टर्बो इंजिनाची हॅचबॅक घेतली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड ‘किमान 95, शिफारस 98’ असे लिहिले आहे. एक मित्र म्हणतो की 98चे पेट्रोल जास्त ताकदीचे असते, तेच भर. दुसरा म्हणतो की 95वर गाडी चालते तर वरचे पैसे वाया कशाला घालवायचे. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर आहे. पहिल्या मित्राचा समज फार खोलवर रुजलेला आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. ऑक्टेन अंक हा पेट्रोलच्या ताकदीचा आकडा नव्हे. 98च्या एका लिटरमध्ये 95च्या लिटरपेक्षा अधिक ऊर्जा असतेच असे नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटण्याला ते पेट्रोल किती दाद देत नाही, एवढेच हा अंक सांगतो.

सिलिंडरात काय घडते ते पाहू. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो, तो अगदी वर पोहोचण्याच्या काही अंश आधी (हे अंश क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या फेरीचे) स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. या थोड्याशा अवधीत कडेला उरलेले, अजून न जळलेले मिश्रण कोंडीत सापडते. पिस्टनने ते दाबलेले असतेच, त्यात पसरत्या ज्योतीमागचे तापलेले वायू त्याला आणखी दाबतात. ज्योत पोहोचण्याआधीच ते मिश्रण एकदम भडकले, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. सुमारे 80 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात ही लाट सेकंदाला 6 ते 7 हजार वेळा थरथरते. ती पिस्टनच्या माथ्यावरचा वायूचा पातळ, संरक्षक थर उडवून लावते आणि मग धातूला थेट आच लागते.

हा अंक मोजण्याची पट्टी 1920च्या दशकात ठरली. पेट्रोलसारख्याच दोन द्रवांपैकी सहज नॉकिंग करणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला 0 आणि चिवटपणे टिकणाऱ्या आयसो-ऑक्टेनला 100 असे मूल्य देण्यात आले. (त्या सुरुवातीच्या काळात शुद्ध हेप्टेन मिळत असे ते एका जातीच्या पाइन वृक्षाच्या राळेतून, हे मला आजही विलक्षण वाटते.) 95 अंकाचे पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात 95 टक्के आयसो-ऑक्टेन आणि 5 टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. त्यात प्रत्यक्षात तेवढे आयसो-ऑक्टेन असावेच लागते असे नाही, आणि म्हणूनच काही इंधनांचा अंक शंभराच्या पुढेही जातो.

आता आपल्या गाडीकडे वळू. एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा टर्बो सिलिंडरात जादा हवा कोंबतो, त्यामुळे ठिणगीच्या क्षणी आतला दाब आणि तापमान साध्या इंजिनापेक्षा बरेच चढलेले असते. 1980च्या दशकातील टर्बो इंजिने याच भीतीने दाबाचे गुणोत्तर (पिस्टन मिश्रणाला किती पट लहान जागेत दाबतो तो आकडा) 8च्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवत. आजची इंजिने पेट्रोल थेट सिलिंडरात फवारतात, ते तेथे बाष्प होताना आतली हवा थंड करते, आणि त्यामुळे टर्बो असूनही हे गुणोत्तर साडेनऊ ते साडेदहापर्यंत नेता येते. मात्र याचा दुसरा अर्थ असा की असे इंजिन नॉकिंगच्या उंबरठ्याला अगदी लागून चालत असते. तो उंबरठा पेट्रोलचा ऑक्टेन अंक ठरवतो.

इंजिनाच्या ब्लॉकवर एका बोल्टने आवळलेला नॉक सेन्सर ही थरथर सतत ऐकत असतो. ती जाणवली की संगणक ठिणगी काही अंश उशिरा टाकतो, गरज पडल्यास टर्बोचा दाबही उतरवतो. आपल्या गाडीत 95 भरले तर इंजिन सुरक्षित राहते ते यामुळेच, आणि म्हणून आपल्या दुसऱ्या मित्राचे म्हणणेही अर्धे खरे ठरते. पण उशिरा पडलेल्या ठिणगीमुळे जळण्याचा जोर पिस्टन खाली निघाल्यावर येतो, त्यातले काही काम वाया जाते आणि ती उष्णता एक्झॉस्टमधून टर्बोवर आदळते. टर्बोला वाचवण्यासाठी काही इंजिने अशा वेळी मिश्रणात जास्तीचे पेट्रोल सोडतात, आणि जोर घटूनही ॲव्हरेज खाली येते.

यावरून माझे मत स्पष्ट आहे. झाकणावर ‘शिफारस 98’ लिहिलेल्या गाडीची जाहीर केलेली अश्वशक्ती बहुधा त्याच पेट्रोलवर मोजलेली असते. आपण ती गाडी तिच्या जोरासाठी घेतली असेल, ॲक्सिलरेटर पुरता दाबत असाल, उन्हाळ्यात चढणीवर भरल्या गाडीने जात असाल, तर 98च भरावे. त्या पैशांचा मोबदला मिळतो. आठवडाभर शहरातल्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगण्यापलीकडे गाडीला काम नसेल, तर 95ने तिचे काहीही बिघडत नाही, कारण हलक्या भाराखाली इंजिन नॉकिंगच्या जवळही जात नाही. शिफारशीच्याही वर जाऊन 100 किंवा 102 भरणे मात्र बहुतेक मूळ स्थितीतील गाड्यांत व्यर्थ आहे, कारण ठिणगी आणखी आधी टाकण्याची तरतूद संगणकात नसेल तर जास्तीच्या सहनशक्तीचा उपयोग करून घेणारे तेथे कोणीच नसते.

एक सूचना आवर्जून करतो. एका टाकीवरून निकाल देऊ नका. टाकीत जुने पेट्रोल उरलेले असते आणि संगणकही ठिणगीची वेळ एका झटक्यात पुढे आणत नाही, जपून, थोडीथोडी आणतो. दोन-तीन टाक्या सलग एकाच पेट्रोलच्या झाल्यावर एकाच चढणीवर, एकाच गिअरमध्ये, शक्यतो सारख्याच हवामानात गाडी कशी ओढते ते पाहावे.

प्रश्न : माझी गाडी परदेशातून आणलेली आहे. तिच्या पुस्तिकेत ‘91 किंवा अधिक’ असे लिहिले आहे आणि पंपावर 91 व 95 दोन्ही मिळतात. मग 91 पुरेसे नाही का?

उत्तर : कदाचित अजिबात नाही. घाई करू नये. तो 91 कोणत्या मोजपट्टीतला आहे हे आधी पाहिले पाहिजे. एकाच पेट्रोलचे ऑक्टेन अंक दोन पद्धतींनी काढले जातात. ‘रॉन’ या पद्धतीत चाचणीचे इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालवतात. ‘मॉन’ पद्धतीत फेरे 900 असतात आणि मिश्रण जवळजवळ 149 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते, म्हणून हा अंक साधारणपणे 8 ते 10 ने कमी येतो. जगातील बहुतेक देशांत पंपावर रॉन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात मात्र रॉन व मॉन यांची सरासरी लिहितात. त्यामुळे अमेरिकी पुस्तिकेतले 91 हे रॉनच्या हिशेबात 95 ते 96च्या घरात जाते, तर अमेरिकी पंपावरचे साधे 87 हे रॉन 91 ते 92च्या जवळपास असते. आपली गाडी अमेरिकी बाजारासाठी बनलेली असेल, तर तिच्यात रॉन 91 भरणे म्हणजे तिला तेथील सर्वांत साध्या पेट्रोलवर चालवण्यासारखे आहे. पुस्तिकेत आकड्याच्या शेजारी रॉन हा शब्द आहे की नाही ते पाहावे आणि शंका राहिली तर 95 भरावे.

प्रश्न : प्रवासात एके ठिकाणी नाइलाजाने कमी ऑक्टेनचे पेट्रोल पूर्ण टाकीभर घ्यावे लागले. आता पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये चढण चढताना बारीक टकटक ऐकू येते. टाकी रिकामी करून घ्यावी का?

उत्तर : बहुधा त्याची गरज नाही, पण आवाज ऐकू येतो आहे हे हलके घेऊ नका. सेन्सर असूनही टकटक कानावर येते, याचा अर्थ इंजिनाने घेतलेली माघार पुरी पडत नाही. तोपर्यंत उपाय आपल्याच पायात आणि हातात आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढायला लावू नका. एक-दोन गिअर खाली येऊन फेरे वाढू द्या आणि पाय हलका ठेवा. टाकी पाऊणपर्यंत उतरली की रिकामी झालेली जागा शिफारशीच्या पेट्रोलने भरा, नंतर पुन्हा तसेच करा. मिश्रणाचा अंक ढोबळमानाने प्रमाणात बसतो: 91ची अर्धी टाकी आणि 98ची अर्धी टाकी मिळून साधारण 94 ते 95 होते.

योग्य पेट्रोल भरूनही आवाज राहिला, तर मेकॅनिककडे जाऊन प्लग काढून पाहावेत. मी अशा वेळी भिंग घेऊन बसतो. प्लगच्या टोकाशी जो पांढरा चिनी मातीचा भाग असतो, तो निरोगी इंजिनात फिकट तपकिरी, एकसारखा दिसतो. त्यावर मिरीची पूड भुरभुरावी तसे बारीक काळे कण, किंवा त्याहून वाईट म्हणजे चकाकणारे रुपेरी ठिपके दिसले, तर ते रुपेरी ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असण्याचा संभव मोठा असतो. ती गाडी मग जोरात चालवू नये. नॉक सेन्सरचा बोल्टही ठरलेल्या जोरानेच आवळलेला आहे ना, हे टॉर्क पान्याने तपासून घ्यावे, कारण तो सैल असेल तर सेन्सरला नीट ऐकू येत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. थेट फवारणीच्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर भार पडला असता कधी कधी ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटते. तेलाचे थेंब आणि साचलेले कण हे त्याचे मोठे कारण मानले जाते. ठिणगी मागे घेऊन ते थांबत नाही आणि केवळ उच्च ऑक्टेन भरूनही त्याची खात्री देता येत नाही. त्यासाठी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच इंजिन ऑइल वापरावे. एपीआय एसपी हा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा 2020 पासूनचा इंजिन ऑइलचा दर्जा अशा पेटण्याविरुद्धच्या चाचणीसह येतो.

प्रश्न : 95च्या टाकीत ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतली तर 98चे काम होईल का? गाडीचे रीमॅप करून घ्यायचाही विचार आहे.

उत्तर : बाटलीच्या लेबलावरचे ‘पॉइंट’ नीट वाचावेत. अनेकदा 10 पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा अवघा 1 अंक असतो, म्हणजे 30 पॉइंटची बाटली 95चे फार तर 98 करील, तेही टाकीच्या आकाराशी प्रमाण जुळले तर. काही बूस्टरमध्ये मँगनीज किंवा लोहाची संयुगे असतात. त्यांची तांबूस पुटे प्लगवर चढतात आणि ती एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही मानवत नाहीत. अडीअडचणीला एखादी बाटली ठीक, पण नेहमीची सवय म्हणून मी ती सुचवणार नाही.

रीमॅपबाबत, म्हणजे जास्त जोरासाठी इंजिनाच्या संगणकातील ठिणगी, दाब वगैरेंचे आकडे बदलून घेण्याबाबत, मात्र मी अधिक कडक बोलेन. 98 गृहीत धरून केलेले रीमॅप म्हणजे मूळ कंपनीने राखून ठेवलेली सुरक्षेची जागा खर्च करणे होय. त्यानंतर 95 भरण्याची मुभा संपली असेच समजावे. आपल्या नेहमीच्या वाटेवर 98 हमखास मिळत नसेल, तर हे काम करणाऱ्या ट्यूनरला 95वरच मॅप, म्हणजे ते आकडे, बसवायला सांगावे. चार-सहा अश्वशक्ती कमी मिळाल्या तरी चालतील.

प्रश्न : महाग पेट्रोलने इंजिन आतून स्वच्छ राहते, हे खरे का?

उत्तर : स्वच्छता ऑक्टेनमुळे नव्हे, त्यात मिसळलेल्या डिटर्जंटमुळे होते. उंची पेट्रोलमध्ये ते बरेचदा जास्त असते आणि इंजेक्टरला त्याचा लाभ मिळतो. मात्र फक्त थेट फवारणी असलेल्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेला, स्पर्शच करत नाही, त्यामुळे तेथला कार्बन कोणत्याही पेट्रोलने धुतला जात नाही.

प्रश्न : माझ्याकडे जुन्या काळची, कार्ब्युरेटरची स्पोर्ट हॅचबॅक आहे. तिला हेच नियम लागू होतात का?

उत्तर : नाही, आणि तिच्याबाबत चूक जास्त महागात पडते. तिला नॉक सेन्सर नाही, माघार घेणारा संगणक नाही. प्लगना ठिणगीची वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर ज्या कोनात आवळला आहे त्याच कोनावर तो ठिणगी टाकत राहणार. म्हणून तिच्यासाठी ‘किमान’ अंक हाच शेवटचा शब्द समजावा. शिसेयुक्त पेट्रोल आता कोठेही साध्या पंपावर मिळत नाही, शेवटच्या देशाने ते 2021 मध्ये बंद केले. तेव्हा मूळ पुस्तिकेत शिसेयुक्त उच्च ऑक्टेन पेट्रोल सांगितले असेल, तर आज मिळणारे सर्वांत वरचे पेट्रोल भरावे आणि टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा लुकलुकता दिवा) लावून ठिणगीची वेळ त्या पेट्रोलला बसवून घ्यावी. इंजिन पुरते तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चढणीवर काच खाली करून, एखाद्या भिंतीच्या कडेने ॲक्सिलरेटर दाबावा. भिंतीवरून परत येणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. टकटक आली तर डिस्ट्रिब्युटर एक-दोन अंश मागे फिरवून पुन्हा त्याच चढणीवर जावे, आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत हे करत राहावे.