टॅरिफ, नाटो आणि जर्मनीतली नोकरी : आत्ता यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये सात वर्षं झाली, श्टुटगार्टच्या आसपास नोकरी बघताय, बायको आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर येणार. आणि बातम्यांत रोज अमेरिका आणि युरोप एकमेकांवर उखडलेले दिसतात, तर आत्ता यावं की हे निवळेपर्यंत दोन वर्षं थांबावं? मी याच भागात बरीच वर्षं राहतोय आणि यंत्रं बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

निवळायची वाट बघू नका. इथे कोणीही तशी वाट बघत नाहीये, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी घडामोड आहे. श्टुटगार्टच्या फायहिंगन भागात पॅच बॅरॅक्स म्हणून अमेरिकेचा तळ आहे. युरोपातल्या त्यांच्या सगळ्या फौजांचं मुख्यालय तिथे, आणि आफ्रिकेसाठीचं मुख्यालय इथल्याच केली बॅरॅक्समध्ये. साठीच्या आसपासचे माझे सहकारी अमेरिकन सैनिकांना शेजारी म्हणून बघत मोठे झाले. पश्चिम जर्मनी १९५५ मध्ये नाटोत आला, तेव्हापासून अमेरिका पाठीशी आहे हे त्यांनी गृहीतच धरलेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी रशिया बाजूला ठेवून युरोपच्याच कारभाराला धारेवर धरलं, त्यानंतरच्या सोमवारी कँटीनमध्ये हीच माणसं गप्प गप्प जेवत होती. पुढे जानेवारी २०२६ मध्ये ग्रीनलंड ताब्यात घेण्याच्या ट्रम्प यांच्या हट्टावरून जर्मनीसह आठ मित्रदेशांना जादा आयातशुल्काची धमकी मिळाली. ती थोड्याच दिवसांत मागे घेतली गेली, पण विश्वास काही परत आला नाही. मला स्वतःला याचं फार वाईट वाटतं. सत्तर वर्षांची मैत्री अशी घासाघीस करून टिकत नसते.

आता तुमच्या कामाचं. हा ताण जर्मनीत दोन वाटांनी पोचतो.

पहिली वाट व्यापाराची. २७ जुलै २०२५ ला स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीत ट्रम्प आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन यांचा समझोता झाला आणि बहुतेक युरोपीय मालावर १५ टक्के शुल्क ठरलं. गाड्यांवर आधी फक्त २.५ टक्के होतं, मध्ये काही महिने २७.५ टक्के झालं, मग १५ वर आलं. सगळ्यांना सारखा फटका बसला असं मात्र नाही. बीएमडब्ल्यूचा अमेरिकेत स्पार्टनबर्गला आणि मर्सिडीजचा अलाबामात मोठा कारखाना आहे. पोर्शेचा अमेरिकेत एकही नाही, तिथे विकली जाणारी प्रत्येक गाडी समुद्रापलीकडून जाते.

आमच्यासारख्यांना खरं घायकुतीला आणलं ते पोलादाने. पोलाद-ॲल्युमिनियमवर ५० टक्के शुल्क होतंच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने त्या यादीत आणखी ४०७ प्रकारचा माल घातला, त्यात यंत्रंही आली. म्हणजे तेव्हा यंत्रातल्या पोलादाच्या किमतीवर ५० टक्के आणि उरलेल्यावर १५ असं शुल्क बसलं. मग प्रत्येक यंत्रात पोलाद किती किलो, ते कुठल्या देशात वितळवलं, कुठे ओतलं, हे कागदावर द्यावं लागलं. बेडप्लेट, स्पिंडल, बेअरिंग, अगदी बोल्टसुद्धा. सप्लायरचा सप्लायर कोण हे शोधण्यात आमच्या खरेदी विभागाचे आठवडेच्या आठवडे गेले, आणि डिझाइनवाल्यांना जुनी ड्रॉइंग्ज काढून वजनं मोजत बसावं लागलं. ठरलेली भरती त्याच सुमारास लांबणीवर पडली. बातमीत ‘१५ टक्के’ वाचून हे कळत नाही.

मात्र गाड्यांच्या धंद्यातली सगळी दुखणी टॅरिफच्या माथी मारू नका. जर्मनीतल्या ११ ते १४ हजार नोकऱ्या २०२८ पर्यंत कमी करू, असं सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने जुलै २०२४ मध्येच सांगितलं होतं, तेव्हा टॅरिफचा पत्ताही नव्हता. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये १३ हजारांचा आकडा जाहीर केला. चिनी गाड्या, इलेक्ट्रिककडचं अडखळतं वळण, महाग ऊर्जा, हे सगळं आधीपासून होतं. टॅरिफची त्यात भर पडली. त्यामुळे फक्त ‘ऑटोमोटिव्ह सप्लायर, श्टुटगार्ट’ एवढंच शोधत असाल तर आत्ता येऊ नका, असंच मी सांगेन.

दुसरी वाट संरक्षणाची, आणि पैसा तिथून येतोय. मार्च २०२५ मध्ये जर्मन संसदेने राज्यघटना बदलली : जीडीपीच्या एक टक्क्यावरचा संरक्षणखर्च सरकारी कर्जावरच्या मर्यादेतून बाहेर, शिवाय पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोचा वेगळा निधी. कर्जाचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालणारा हा देश, हे लक्षात घ्या. जूनमध्ये हेगला नाटो देशांनी २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्क्यांचं उद्दिष्ट मान्य केलं, त्यातले साडेतीन थेट सैन्यावर. गोर्लिट्झचा रेल्वे डब्यांचा जुना कारखाना रणगाड्यांचे भाग बनवण्यासाठी केएनडीएस या शस्त्रास्त्र कंपनीने घ्यायचं २०२५ मध्ये ठरलं. उल्ममध्ये रडार बनवणारी हेन्झोल्ट कंपनी गाड्यांच्या कंपन्यांतून बाहेर पडणाऱ्या इंजिनिअरांवर डोळा ठेवून आहे.

इथेच आपले लोक फसतात. या नव्या नोकऱ्या कागदावर तुमच्या अनुभवाला तंतोतंत जुळतील, पण गोपनीय कामासाठी सरकारी सुरक्षा तपासणी लागते आणि भारतीय पासपोर्टवर ती पार पडणं फार अवघड. अमेरिकन तंत्रज्ञान असलेल्या भागांवर त्यांचे निर्यातीचे नियम वेगळेच. म्हणजे कमी होणाऱ्या नोकऱ्या आपल्या आवाक्यातल्या आणि वाढणाऱ्या बऱ्याचशा आवाक्याबाहेरच्या. अर्ज करण्याआधी हे थेट विचारा, त्यात कमीपणा नाही.

म्हणून त्या ५०० अब्जांकडे बघा. रेल्वे, पूल, वीजवाहिन्या, ट्रान्सफॉर्मर, हीटिंग यंत्रणा. तिथे पासपोर्टची अशी आडकाठी सहसा नसते, आणि शीटमेटल, कास्टिंग, टॉलरन्स, फटीग यांची तुमची समज जशीच्या तशी कामाला येते. चाकणला तुमची कंपनी जर्मन असेल तर आतल्या आत बदली मिळते का ते आधी पाहा. भारत-युरोपीय संघ व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्यापासून दोन्हीकडचं काम माहीत असलेल्या माणसाला किंमत आहे.

ऑफर आलीच तर मुलाखतीत विचारा : विक्रीतला अमेरिकेचा वाटा किती, गेल्या वर्षभरात कामाचे तास कमी करून पगार कापला का, टॅरिफकरार म्हणजे युनियनशी झालेला वेतनकरार लागू आहे का. (इथल्या ‘टॅरिफ’चा आयातशुल्काशी संबंध नाही, गोंधळू नका.) पहिले सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. बेकारी भत्त्यासाठी साधारण बारा महिने विमा भरलेला लागतो. याचा अर्थ पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक, आणि ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा इथला कामाचा परवाना, नोकरीला बांधलेलं असतं. निदान सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवूनच निघा. बायको-मुलाला प्रोबेशन संपल्यावर आणलंत तर जास्त बरं, जरी ते मनाला जड जाईल.

मुलाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण इथल्या मराठी घरांत सध्या हाच विषय आहे. २०२६ पासून १८ वर्षं पूर्ण होणाऱ्या जर्मन नागरिक मुलग्यांना सैन्यसेवेबद्दलची प्रश्नावली भरून द्यावी लागते. प्रत्यक्ष सेवा सध्या ऐच्छिक आहे. मुलगा भारतीय नागरिक राहिला तर हे लागू नाही, पुढेमागे जर्मन पासपोर्ट घेतलात तर लागू. घाबरायचं कारण नाही, माहीत मात्र असू द्या.

भाषेचं आजच सुरू करा. ब्लू कार्डवर बी-१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, ए-१ या प्राथमिक पातळीवर २७ महिने लागतात. कपातीच्या काळात ते सहा महिने फार मोठे असतात, आणि रेल्वे-पूल-वीज या क्षेत्रांत बरंचसं काम जर्मनमध्येच चालतं. पुण्यात बी-१ पूर्ण करूनच अर्ज टाका. ऑफर हातात आली की त्यातलं प्रोबेशनचं आणि नोटिशीचं कलम मला पाठवा, मी वाचून सांगतो.