फाशी रोगाचा संशय? जनावर फाडू नका

प्रश्न : संध्याकाळपर्यंत चरणारी गाय सकाळी मेलेली आढळली. नाकातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय. शवविच्छेदन करून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा का?

उत्तर : मुळीच नको! ही लक्षणं फाशीची, म्हणजे अँथ्रॅक्सची असू शकतात. जनावर फाडलं की जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू, म्हणजे चिवट सुप्त रूप, बनतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. चामडंही काढू देऊ नका. लगेच पशुवैद्यकांना बोलवा. ते हातमोजे घालून कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतील, तेवढं पुरतं. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. काचपट्टी पॉलिक्रोम मिथिलीन ब्ल्यू या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर चौकोनी टोकांच्या निळ्या जंतूंभोवती गुलाबी कवच दिसतं. नमुना घ्यायला उशीर झाला, की कुजवणारे जंतू वाढून हे चित्र बिघडतं. निदान होताच आसपासच्या निरोगी जनावरांना लस टोचून घ्या.