काजव्यांच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी लाल-निळे ठिपके येतात. सेन्सर गेला का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मेच्या अखेरीस भंडारदऱ्याला काजव्यांसाठी ३०-३० सेकंदांची एक्स्पोजर घेतली, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवलं, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) सेकंडहँड आणि २४ मेगापिक्सेलची, आणि घरी येऊन संगणकावर पाहिलं तर प्रत्येक फ्रेममध्ये ठरावीक जागी लाल, निळे, हिरवे ठिपके. दुकानदार म्हणतोय, सेन्सर साफ करून देतो, त्याचे पैसे वेगळे.

ते पैसे आत्ता देऊ नका. तुम्ही सांगताय ती लक्षणं धुळीची नाहीत.

धूळ सेन्सरवर बसते असं आपण म्हणतो खरं, पण ती बसते सेन्सरच्या वरच्या काचेवर, प्रकाश टिपणाऱ्या बारीक बिंदूंपासून, म्हणजे पिक्सेलपासून, थोडी उंच. म्हणून फोटोत तिची सावली येते: करडी, कडा विरलेली, एकाच वेळी बरेच पिक्सेल व्यापणारी. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक करून, एफ/१६ किंवा एफ/२२ ला, मोकळ्या आकाशाचा फोटो काढला तर ठळक दिसते, छिद्र मोठं ठेवून एफ/२.८ ला जवळपास नाहीशी होते. काजव्यांसाठी तुम्ही लेन्स पूर्ण उघडी ठेवली असणार, तेव्हा धुळीला दिसायला वावच नव्हता. शिवाय धूळ लाल-निळी चमकत नाही. पिक्सेलच्या दोषाला अ‍ॅपर्चरशी काही देणंघेणं नसतं, तो एफ/२.८ ला जसा तसाच एफ/२२ ला.

दुसरी शंका काजव्यांचीच. सादड्या-हिरड्याच्या झाडावर शेकडो काजवे लुकलुकत असताना कुठला ठिपका काजव्याचा आणि कुठला सेन्सरचा, हे ओळखायचं कसं? काजव्याचा उजेड पिवळसर हिरवा असतो. तो लेन्समधून येतो, म्हणून कितीही नेमका फोकस केला तरी काही पिक्सेलवर पसरतो, आणि उडता काजवा असेल तर ठिपक्यांची माळच उमटते. सेन्सरचा ठिपका लेन्समधून आलेलाच नसतो. म्हणून मागची झाडी पार धूसर असली तरी तो तिच्यात टोचल्यासारखा धारदार दिसतो. १०० टक्के झूम करून बघा, फरक लगेच कळेल.

ठिपका त्याच जागी आहे की नाही हे तपासताना एक खबरदारी घ्या. फोटो क्रॉप केलेले नकोत आणि लेन्सचं डिस्टॉर्शन करेक्शन (वाकलेल्या रेषा सरळ करणारी दुरुस्ती) बंद हवं, नाहीतर ठिपका थोडा सरकतो. उभ्या धरून काढलेल्या फ्रेम आपोआप फिरवल्या जातात, त्यामुळे त्यांत ठिपका भलत्याच कोपऱ्यात गेल्यासारखा वाटतो. आडव्या फ्रेमची तुलना आडव्याशीच करा. आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर विसंबू नका, तिचाही एखादा पिक्सेल मेलेला असू शकतो. फोटो झूम करून सरकवला तर फाइलमधला ठिपका फोटोबरोबर सरकतो, स्क्रीनचा जागेवर राहतो.

आता मूळ प्रश्न. खराब पिक्सेल म्हणून आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने ओळखतो. डेड पिक्सेल प्रकाशाला दादच देत नाही, कायम काळा. स्टक पिक्सेल कायम पेटलेला, एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाचं असो की मिनिटाचं. आणि हॉट पिक्सेल एरवी व्यवस्थित काम करतो, पण त्याच्यात प्रकाश नसतानाही इतरांपेक्षा जास्त चार्ज झिरपत राहतो. कौलारू घरात गळतीखाली ठेवलेलं भांडं डोळ्यांसमोर आणा. पाच मिनिटांनी पाहिलं तर तळ ओला, रात्रभर ठेवलं तर काठोकाठ. दिवसाच्या १/५०० सेकंदाच्या फोटोत ही गळती जाणवतही नाही, ३० सेकंदांत ती पांढऱ्याशुभ्र किंवा रंगीत ठिपक्याएवढी साठते. गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. सिलिकॉनमध्ये साधारण दर ६ ते ८ अंश सेल्सिअसला ती दुप्पट होते असा ढोबळ हिशोब आहे. पाऊस तोंडावर आलेला असतानाची ती उबदार, दमट रात्र, त्यात फोकस जुळवायला बराच वेळ चालू ठेवलेला लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य), आणि लागोपाठ ३० सेकंदांच्या फ्रेम. सेन्सर तापायला आणखी काय हवं?

माझा अंदाज नव्वद टक्के हॉट पिक्सेलचा आहे. पण अंदाजावर थांबू नका, घरच्या घरी पक्कं करता येतं.

कॅमेरा तासभर बंद ठेवून गार होऊ द्या. लेन्सला झाकण लावा. डीएसएलआर असेल तर डोळा लावायची खिडकीही झाका, तिच्यातून उजेड आत शिरतो. मॅन्युअल मोड, रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद), लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (त्याबद्दल पुढे) बंद. आधी आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १०० वर १/१२५ सेकंदाची एक फ्रेम. मग तेवढ्याच आयएसओवर १ सेकंद, मग ३० सेकंद. शेवटी तुम्ही भंडारदऱ्याला जो आयएसओ वापरला असेल त्यावर ३० सेकंद. त्यानंतर पंधरा मिनिटं लाइव्ह व्ह्यू चालू ठेवून हीच शेवटची फ्रेम पुन्हा घ्या.

१/१२५ ची फ्रेम निव्वळ काळी आणि पुढे पुढे ठिपके वाढत गेले, तापल्यावर आणखी वाढले, तर ते हॉट पिक्सेल. पहिल्याच फ्रेममध्ये ठिपका पूर्ण तेजाने हजर असेल तर तो स्टक. डेड पिक्सेल या काळ्या फ्रेममध्ये दिसणारच नाही. त्याच्यासाठी पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो घ्या, भिंत फटफटीत होऊ न देता.

भिंतीच्या फोटोत डेड पिक्सेल काळाच दिसेल असं मात्र नाही. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाची ही रचना, तिचं पेटंट १९७६ चं. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढले जातात. म्हणून लाल फिल्टरखालचा पिक्सेल अडकून पेटला तर ठिपका लाल दिसतो, आणि तोच मेला तर त्या जागी लाल कमी पडून निळसर हिरवी छटा येते. हिरव्या जागचा मेला तर जांभळट गुलाबी. याच हिशोबामुळे एका पिक्सेलचा दोष शेजाऱ्यांत मिसळतो आणि छोटा अधिकचिन्हासारखा डाग तयार होतो. जेपीईजीमध्ये तो आणखी पसरतो, कारण तिथे चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबलं जातं. म्हणून तपासणी रॉवरच करा.

त्यातही एक मेख आहे. लाइटरूम आणि अ‍ॅडोबी कॅमेरा रॉ हे रॉ फाइल उघडणारे प्रोग्रॅम हॉट पिक्सेल तुम्हाला न विचारता बऱ्याच अंशी झाकून टाकतात. फोटोसाठी ते छानच, तपासणीसाठी नाही. रॉथेरपी हा तसाच प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यातले हॉट आणि डेड पिक्सेलचे फिल्टर बंद करून फाइल उघडा.

उघडल्यावर घाबरू मात्र नका. जास्त आयएसओ आणि ३० सेकंद म्हटल्यावर शेकडो ठिपके दिसू शकतात. ५०० दिसले असं धरा. तुमच्या सेन्सरवर २ कोटी ४० लाख पिक्सेल आहेत, म्हणजे दर ४८ हजारांत एक. कारखान्यातून निघालेला नवा सेन्सरही शंभर टक्के निर्दोष नसतो. कंपनी खराब पिक्सेलची यादी कॅमेऱ्याच्या मेमरीत घालून देते आणि कॅमेरा त्या जागा शेजाऱ्यांवरून भरतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पुढे वर्षांगणिक नवे दोष तयार होतात, त्यांत वैश्विक किरणांचा हात असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या कॅमेऱ्यांत तर हे ठिपके फार लवकर साठतात. हबल दुर्बिणीचे सीसीडी सेन्सर ठरावीक काळाने मुद्दाम गरम केले जातात, त्याने बरेचसे हॉट पिक्सेल ताळ्यावर येतात. हे वाचून कोणी कॅमेरा उन्हात ठेवू नये, एवढंच!

उपाय म्हणजे कॅमेऱ्यातली खराब पिक्सेलची ती यादी नव्याने करायची. याला पिक्सेल मॅपिंग म्हणतात. ऑलिंपस-ओएम सिस्टिम, पेंटॅक्स, फुजीफिल्म, नवे सोनी आणि निकॉनच्या झेड मालिकेतल्या काही बॉडी यांच्या मेनूत ते याच नावाने असतं. पॅनासॉनिक त्याला पिक्सेल रिफ्रेश म्हणतं. काम थोड्याच वेळात होतं. ऑलिंपसच्या माहितीपुस्तकात फोटो काढल्यावर निदान एक मिनिट थांबून मगच ते चालवायला सांगितलंय, आणि ही सवय कुठल्याही कॅमेऱ्याला लावावी. कॅननच्या अनेक बॉडींत असा पर्याय मेनूत नसतो. तिथे जुनी युक्ती अशी: लेन्स काढून बॉडी कॅप लावायची, बॅटरी भरलेली हवी, मेनूतून हाताने सेन्सर साफ करायचा पर्याय निवडायचा, काहीही न साफ करता मिनिटभर तसंच ठेवून कॅमेरा बंद करायचा. ही वापरणाऱ्यांची युक्ती आहे. काहींना गुण येतो, काहींना नाही. नाही आला तर सर्व्हिस सेंटर. पण तिथेही मॅपिंग मागा, सफाई नव्हे.

मॅपिंगने सगळे जातील असं समजू नका. जे फक्त तापल्यावर आणि ३० सेकंदांनी उगवतात ते बऱ्याचदा त्यातून निसटतात. त्यांचा बंदोबस्त शूटच्या जागीच होतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवलं तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर शटर मिटून तेवढ्याच वेळाची काळी फ्रेम घेतो आणि ती फोटोतून वजा करतो. एकट्या फोटोला हे उत्तम. पण काजव्यांचे फोटो आपण एकावर एक रचतो, आणि प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा अर्धा मिनिट आंधळा राहिला तर निम्मे काजवे हुकले. त्यापेक्षा ते बंद ठेवा आणि शेवटी, तिथेच, कॅमेरा तापलेला असतानाच, झाकण लावून त्याच आयएसओवर तेवढ्याच वेळाच्या दहा-पंधरा काळ्या फ्रेम घ्या. घरी येऊन पंख्याखाली घेतलेल्या चालत नाहीत, तापमान जुळत नाही. रॉथेरपीत अशा काळ्या फ्रेमसाठी (डार्क फ्रेम) वेगळी जागा आहे, तिथे त्या द्यायच्या. फोटो रचण्याच्या आधी हे करा. लाइटन मोडमध्ये प्रत्येक जागी सगळ्या फ्रेमांतली सर्वांत उजळ किंमत उचलली जाते, म्हणजे शंभर फ्रेम रचल्या की प्रत्येक हॉट पिक्सेलचं सर्वांत वाईट रूप निवडून चित्रात येतं. रचलेल्या चित्रात एवढे ठिपके दिसतात त्याचं एक कारण हेच.

राहता राहिलं कॅमेरा परत करण्याचं. मॅपिंगनंतरही गार सेन्सरवर, आयएसओ १०० आणि १/१२५ ला ठिपके टिकून असतील, किंवा ठिपक्याऐवजी अख्खी उभी-आडवी रेघ दिसत असेल, तर दुकानदाराकडे जा. रेघ म्हणजे एक पिक्सेल नव्हे, पूर्ण ओळ वाचणारी यंत्रणा बिघडल्याची शक्यता, आणि तिथे मी तरी ती बॉडी ठेवणार नाही. तसं नसेल तर ठेवा. बॉडीचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. मेनूत मॅपिंग सापडलं नाही तर कळवा.