तेवढ्याच किमतीचं गिफ्ट कार्ड

चि. इंदूरच्या रामबागच्या लेकीस,

तुझं फिलाडेल्फियाहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळे भरून आले, दुसऱ्यांदा तुझा कान धरावासा वाटला.

"सहा वर्षं झाली काकू, पण अडीअडचणीला हाक मारावी असं एक दार नाही," असं तू लिहितेस. आणि चारच ओळी खाली, केवढ्या अभिमानानं: "आम्ही कुणाचं काही ठेवत नाही. शेजारच्या बाईंनी नाताळात केक दिला, तर त्याच संध्याकाळी तेवढ्याच किमतीचं गिफ्ट कार्ड देऊन आले."

अगं बाई! केक घरी केलेला होता ना? मग किंमत काढलीस कशी?

इंदुरात वाढलीस तू. तुझी आई शेजारची वाटी अशी लगोलग धुऊन परत करायची का? चार दिवस ती आपल्याच फळीवर असायची, मग शंकरपाळे नाहीतर चिवडा घालून जायची. रिकामी वाटी द्यायची नाही, म्हणजे हिशेब कधी मिटायचाच नाही, आणि ओटल्यावरचं येणंजाणंही थांबायचं नाही. तू एका कार्डात सगळं मिटवून टाकलंस. आता त्या बाईंनी तुझं दार वाजवावं तरी कशासाठी?

आपला इंदूरचा सराफा बाजार आठव. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री शटर पडलं की त्यांच्याच ओटल्यांपुढे तळलेला गराडू कंद आणि भुट्ट्याचा कीस. जुने लोक सांगतात, खाणाऱ्यांच्या वर्दळीनं दुकानांची राखण आपसूक व्हायची. ज्याची त्याची गरज शेजाऱ्यात अडकलेली.

म्हणून माझं नेहमीचंच तुणतुणं: देणं सोपं आहे, मागायला शिका. तुझ्याच गावच्या बेंजामिन फ्रँकलिनचं बघ. 1737 च्या सुमारास तो पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात कारकून होता आणि एका नव्या सभासदानं त्याच्या फेरनिवडीविरुद्ध भाषण ठोकलं. फ्रँकलिननं ना भेट पाठवली, ना मिनतवाऱ्या केल्या. त्या माणसाकडचं एक दुर्मिळ पुस्तक थोडे दिवस वाचायला मागितलं आणि आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसकट परत केलं. पुढे त्यांची मैत्री त्या सभासदाच्या मरणापर्यंत टिकली.

माझ्या सासूबाईंना फ्रँकलिन ठाऊक नव्हता. आम्ही इंग्लंडात लेस्टरला असताना त्या दसऱ्याला आल्या. तोरण बांधायला शिडी नव्हती. मी म्हटलं, शनिवारी विकत आणू. त्या सरळ शेजारच्या गोऱ्या आजींकडे गेल्या आणि दारात उभं राहून हातापायांनी शिडी चढून दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी शिडी घेऊन आल्या, तोरण बांधून होईपर्यंत ती धरून उभ्या राहिल्या, चहा पिऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात अक्रोड फोडायला आमचा खलबत्ता घेऊन गेल्या. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पोरांना शाळेतून आणायला त्याच होत्या. आम्ही इंदूरला परत आलो, खलबत्ता तिकडेच राहिला. मी मागितला नाही.

बाकीचं थोडक्यात. मुलगा इंग्रजीत उत्तर देतो? देऊ दे, तू मराठीतच बोल. नवरा शनिवार-रविवार क्रिकेटपुढून उठत नाही? माझाही उठत नाही, पुढचं पत्र.

"बाबा दोन मिनिटांत फोन ठेवतात," हे मात्र तुझंच काम. जेवलात का, गोळी घेतली का, ही उलटतपासणी कोण सहन करेल? त्यांच्याकडे काहीतरी माग. पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला संपलाय, घरी कुटायला प्रमाण सांगा म्हण. इकडे सकाळचे आठ वाजले की उन्हाळ्यात तुझ्याकडे रात्रीचे साडेदहा. ते पोहे-जिलेबी खाऊन आलेले असतील, त्याच वेळी लाव फोन.

आणि त्या केकवाल्या बाईंकडे दसऱ्याआधी शिडी मागायला जा. घरात असेल तर तळघरात लपव.

तुझी,
काकू