लष्करी हद्दीतली खापरं: धुण्याआधी चिठ्ठ्या वाचा

तुम्ही विचारलंय की लष्कराच्या हद्दीत निघालेल्या खापरांची चोवीस पोती कॉलेजच्या खोलीत पडून आहेत, दिवाळीच्या सुट्टीत धुऊन काढू का? कृपा करून इतक्यात पाण्याला हात लावू नका.

बडोद्यात मी बावीस वर्षं हेच काम केलं. एका पोत्यातली चिठ्ठी अजून डोळ्यांपुढे आहे. कडा कसरीनं खाल्लेल्या, बॉलपेनची शाई उडालेली, पेन्सिलीनं लिहिलेलं 'चर ३, थर' एवढंच शाबूत. पुढचा आकडा गेला होता. त्यातल्या एका खापराच्या काठावर सुरेख काळे पट्टे होते, पण ती खापरं मातीच्या कुठल्या थरातली हे आता कुणालाच सांगता येणार नाही. सरकारी पुरातत्त्व संग्रह जपण्याबाबतच्या अमेरिकेच्या १९९० च्या नियमांत वस्तूंबरोबर त्यांच्या नोंदीही संग्रहाचाच भाग धरल्यात, ते मला अगदी पटतं.

म्हणून आधी पोतं, गाठ, चिठ्ठी यांचे फोटो. मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवा. नव्या पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलीनं. जुनी वेगळ्या पाकिटात जपा. धुवायची ती फक्त पक्की भाजलेली, साधी खापरं. रंगकाम असलेली किंवा आतून करपट थर असलेली बाजूला ठेवा, त्या थरात अन्नाचे अंश असू शकतात. लोखंड अजिबात धुऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून वाळवा; आपल्या पावसाळ्यात हे वारंवार करावं लागतं.

गंजलेला, ओळखू न येणारा जड गोळा दिसला तर हलवू नका, खोली रिकामी करा आणि थेट पोलिसांना कळवा. फायरिंगच्या जागेत जुना तोफगोळा निघणं अशक्य नसतं. खोदकामाचे नकाशेही लष्कराला विचारल्याशिवाय कुठे टाकू नका. जमीन संरक्षण खात्याची, तेव्हा हा माल तुमच्याकडे कुणी आणि कोणत्या अटीवर ठेवला, याचा लेखी कागद मिळवा.

खापरांचा काळ स्वतः ठरवू नका. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० पासून पुरातत्त्व विभाग आहे, तिथे दाखवा.

हात कमी पडत असतील तर माजी सैनिकांना विचारा. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलानं २००९ पासून माजी सैनिकांना शिकवून असेच संग्रह नीट लावून घेतलेत. शिस्तीनं नोंद ठेवायची सवय त्यांच्या अंगात असते.

पहिल्या पोत्याची यादी झाली की मला दाखवा.