नव्याने सापडलेली प्राचीन शुभवर्तमानं कधी बायबलमध्ये घेतली जातील का?

शुभवर्तमानं म्हणजे येशूचं जीवन आणि शिकवण सांगणारी पुस्तकं. नव्याने सापडलेली अशी पुस्तकं बायबलमध्ये घेतली जाणार नाहीत, असं माझं मत. पण ती खोटी आहेत म्हणून नव्हे, किंवा चर्च घाबरतं म्हणूनही नव्हे.

अशा शोधांत नाग हम्मादीचं नाव हमखास निघतं, तिथूनच सुरुवात करतो. १९४५ च्या डिसेंबरात इजिप्तमधल्या या गावाजवळ शेतासाठी माती खणताना एक रांजण सापडला, असं सांगतात. आत कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेतल्या, कातडी बांधणीच्या पोथ्या होत्या. त्यातलं थोमाचं शुभवर्तमान सगळ्यात गाजलं. नुसती ११४ वचनं. जन्म नाही, चमत्कार नाहीत, वधस्तंभही नाही. बरीचशी वचनं बायबलमधल्या मत्तय आणि लूक या शुभवर्तमानांत वाचल्यासारखी वाटतात. (‘दडवलेल्या’ शुभवर्तमानांत स्त्रियांना जास्त मान असेल असं वाटत असेल, तर शेवटचं वचन वाचा. मरीयेला आपल्यातून घालवून द्या, असं येशूचा शिष्य पेत्र म्हणतो आणि येशू म्हणतो, मी तिला पुरुष करीन.)

आता ‘बायबलमध्ये घेणं’ म्हणजे काय ते बघू. ३२५ सालच्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेत मतदान करून पुस्तकं निवडली, ही गोष्ट सगळीकडे फिरते. तसं काही झालेलं नाही. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाच्या, २७ पुस्तकांची आजच्यासारखी यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या पत्रात. त्यातली चार शुभवर्तमानं आणि प्रेषित पौलाची पत्रं तोवर दोनशे वर्षं तरी उपासनेत वाचली जात होती. जे वाचलं जात होतं त्याची यादी झाली. काठावरच्या पुस्तकांवर वाद झाले, पण तेही मुख्यतः ‘हे चर्चमध्ये वाचायचं का?’ यावरच. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियाचा बिशप सेरापियन याने एका स्थानिक चर्चला पेत्राचं शुभवर्तमान वाचायला आधी खुशाल परवानगी दिली होती, स्वतः न वाचताच! नंतर वाचलं, त्यातली शिकवण खटकली आणि परवानगी मागे घेतली.

म्हणून जे पुस्तक दीड हजार वर्षं वाळूत पडून होतं ते मूळ परीक्षेलाच बसलेलं नाही. किती जुनं, हा प्रश्न त्यानंतरचा.

याचा उत्तम पुरावा म्हणजे हनोखाचं पुस्तक, एक प्राचीन यहुदी ग्रंथ. यहूदाच्या पत्रात त्यातला उतारा आहे, म्हणजे शिफारस थेट नव्या कराराचीच. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या ८१ पुस्तकांच्या बायबलमध्ये ते आहे, कारण तिथे त्याचं वाचन कधी थांबलंच नाही. पुढे मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी तुकडे मिळाले, ते ख्रिस्तापूर्वीचं आहे हे पक्कं झालं. तरी त्यामुळे दुसऱ्या कुठल्या मोठ्या चर्चने ते आपल्या बायबलमध्ये घेतलं का? नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न वेगळा आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ५:९) पौल आपल्या आधीच्या एका पत्राचा उल्लेख करतो. ते हरवलंय. समजा, उद्या ते सापडलं आणि अस्सल ठरलं, तर? लेखक प्रेषित, काळ पहिल्या शतकातला, शिकवणही जुळणारी. अशा वेळी मलाही उत्तर देताना अडखळायला होतं. पण ठरवणार कोण? कॅथलिक चर्चने १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत यादीवर शिक्कामोर्तब केलंय. प्रोटेस्टंटांकडे सगळ्यांच्या वतीने बोलणारी संस्थाच नाही. ते पत्र अभ्यासक वाचतील, प्रवचनांत त्याचे दाखले येतील, पण बायबलच्या पानात जाणार नाही, असा माझा अंदाज.

एक गंमत मात्र खरी घडलेली आहे. कुमरानला सापडलेल्या, बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकाच्या गुंडाळीत अम्मोनी राजा नाहाश लोकांचे उजवे डोळे काढायचा, असा एक परिच्छेद निघाला, जो परंपरागत हिब्रू पाठात नव्हता. १९८९ च्या एका प्रतिष्ठित इंग्रजी भाषांतराने तो १ शमुवेलच्या १० व्या अध्यायाच्या शेवटी छापला. जमिनीतून निघालेला मजकूर बायबलमध्ये गेला तो असा, चार ओळींचा, आणि तोही आधीपासून आत असलेल्या पुस्तकात.