दोघांनाही एचआयव्ही असेल तर निरोध कशाला वापरायचा?

भाऊ, तुम्ही विचारलंय की नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह, दोघांच्या एआरटीच्या (एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या चालू, तरी समुपदेशक ताई दर वेळी निरोधाची पाकिटं का देतात.

आमच्या घरी ती पाकिटं बाजरीच्या डब्यामागे चार वर्षं पडून होती. मी धुळे तालुक्यातला, ट्रकवर होतो. 2011 साली माझं निघालं, मग हिचंही. पहिल्यांदा पाकीट पुढे केलं तर ही तोंड फिरवून म्हणाली, "आते कसाले जोयजे?" जे व्हायचं ते होऊन गेलं, आता कशाला. मी ते पटवून घेतलं, कारण मलाही तेच सोयीचं होतं. खरं तर ती रागावली होती, आणि निरोध दिसला की तिला वाटायचं मी अजून बाहेर जातो. हे तिच्या तोंडून ऐकायला मला फार वर्षं लागली. तुमच्याकडेही असं काही आहे का, ते आधी बोलून घ्या.

आता तुमचा प्रश्न. सगळं व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावर आहे. सीडी-4 या पेशींच्या आकड्यावर नाही, तो फक्त प्रतिकारशक्ती सांगतो. आपल्यातले बरेच जण 'माझा सीडी-4 सातशे आहे' म्हणून निर्धास्त राहतात, ते चूक आहे. रक्तातला विषाणू रिपोर्टमध्ये सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो पुढे जात नाही. युरोपातल्या पार्टनर अभ्यासात एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी जोडपी होती. सुमारे 58,000 वेळा निरोधाशिवाय संबंध आले, आणि गोळ्यांवरच्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. हे निकाल 2016 चे.

पण हे सगळं रोजच्या गोळीवर टिकून आहे. एकदा गाडी गुजरातेत अडकली, गोळ्यांची बाटली घरी, तीन आठवडे खाडा. पुढच्या तपासणीत लोड हजारांत. डॉक्टरांनी समजावलं की अशा खाड्यात विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि तो बायकोला गेला तर तिच्याही गोळ्या निकामी होऊ शकतात. तिचा लोड तेव्हा दबलेला होता. माझ्या निष्काळजीपणाची झळ तिला बसणार, हे मला सहन झालं नाही. घरी येऊन मी ते डब्यामागचं पाकीट काढलं, तर तारीख उलटलेली. नवीन आणली. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, लोड खाली आला, तोवर एकदाही निरोधाशिवाय नाही.

शिवाय गरमी, परमा या गुप्तरोगांना एआरटी अडवत नाही, तिथे निरोधच कामाचा. मूल हवं असेल तर मात्र लपूनछपून निरोध सोडू नका, एआरटीच्या डॉक्टरांना आधी सांगा, ते दोघांचे रिपोर्ट बघून वेळ सांगतात. वहिनींच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करून घ्या. एचआयव्ही असलेल्या बाईला त्या कॅन्सरचा धोका सहापट असतो, आणि आपल्याकडे हे कुणी बोलत नाही.

दोघांच्या फाईली काढून व्हायरल लोडची शेवटची तारीख बघा. वर्ष उलटलं असेल तर पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा दोघांचंही रक्त द्या, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत ती पाकिटं वापरा.